हेलिकॉप्टरनं जायच्या लॉजवरचा स्की आठवडा, आधीच्या तयारीसकट

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सेल्कर्क, मोनाशी, पर्सेल ह्या डोंगररांगांत असे बरेच लॉज आहेत जिथे हिवाळ्यात रस्ता पोचत नाही, लिफ्ट वगैरे काही नाही, हेलिकॉप्टर शनिवारी सोडतं आणि पुढच्या शनिवारी न्यायला येतं (बऱ्याच ठिकाणी वार शनिवारच असतो), मधले दिवस तुम्ही, तुमचा ग्रुप, गाइड आणि बर्फ. चढायचं आपल्या पायांनी, स्कीच्या खाली स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) चिकटवून, आणि उतरायचं अशा उतारांवरून जिथे कुणाची रेघ उमटलेली नसते. आम्ही ह्या हिवाळ्यात असा आठवडा केला. सगळी जुळवाजुळव माझ्याकडे होती आणि त्यात वर्षाहून जास्त काळ गेला. फोटो बघून सगळे विचारतात कुठला लॉज, किती पैसे लागले. मला विचाराल तर हे दोन्ही नंतरचे प्रश्न आहेत. आधी ठरवायचं ते कोणाबरोबर जायचं, कारण तिथे एकदा उतरलात की आठवडाभर माणसं बदलता येत नाहीत, आणि रोज कुठल्या उतारावर जाता येईल हे बर्फाइतकंच ग्रुपवरही ठरतं.

हे जरा सविस्तर सांगते. गाइड एका वेळी पाच-सहा जणांना, फार तर आठेक जणांना घेऊन निघतो आणि त्या सगळ्यांचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चढणाऱ्याचा वेग, दुसरा पर्यायच नाही, कारण हिमस्खलनाच्या मुलखात कुणाला मागे सोडून पुढे जाता येत नाही. बऱ्यापैकी फिट ग्रुप तासाला ३०० ते ४०० मीटर उंची चढतो, आणि दिवसाला १००० ते १५०० मीटर चढाई हा अशा लॉजवरचा नेहमीचा दिवस. त्यात एखादा तासाला २०० मीटरनं चढत असेल तर त्याचं काही चुकत नाही हो, पण बाकीचे वर थांबून गारठतात, तो धापा टाकत पोचेपर्यंत ते निघायच्या तयारीत असतात, म्हणजे ज्याला विश्रांती हवी नेमकी त्यालाच मिळत नाही, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं असतं.

म्हणून मी प्रत्येकाला वेगळा फोन केला. ग्रुप कॉल मुद्दाम टाळला, चारचौघांत सगळेच हो जमेल म्हणतात. विचारलं काय, तर लागोपाठ तीन दिवस पाठीवर बॅग घेऊन हजार मीटर चढलायस का कधी, दाट झाडांमधून खोल पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, उतरताना थांबायचं तिथे थांबता येतं का, थंडीत उणे वीसला बोटांचं काय होतं, आणि शेवटचा प्रश्न, सगळे दमून वर पोचलोय, समोर सुंदर उतार दिसतोय आणि गाइड म्हणाला परत फिरा, तर तुला काय वाटेल. ह्या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी लिहून ठेवली होती. एक जण, रिसॉर्टवर आमच्यातला सगळ्यात चांगला स्कीअर, म्हणाला एवढे पैसे भरून परत फिरायचं असेल तर मला जमणार नाही. खरं बोलला, त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला आणि आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं की ही ट्रिप त्याच्यासाठी नाही. माझी एक अगदी जवळची मैत्रीण पिस्टवर, म्हणजे रिसॉर्टच्या आखीव उतारावर, झकास खेळते पण स्किन्स लावून कधी चढली नव्हती, तिला मी सांगितलं की आधी एखाद्या गाइडबरोबर दिवसाच्या टूर करून बघ मग ठरव. तिनं केल्या, आवडल्याही, आणि मग स्वतःच म्हणाली की एखादा दिवस ठीक आहे पण रोज उठून सात दिवस हे नको. ती आली असती तर मला मजा आली असती, तिला आली नसती.

माणसं ठरल्यावर लॉज शोधायला घेतला. इथे प्रकार खूप आहेत. अल्पाइन क्लब ऑफ कॅनडाच्या झोपड्या आहेत, त्यातली कोकनी ग्लेशियर केबिन वगैरे इतकी लोकप्रिय की हिवाळ्यातले आठवडे लॉटरीनं देतात, पण तिथे गाइड तुमचा तुम्ही आणायचा आणि स्वयंपाकही तुमचाच. खासगी लॉजमध्ये काही ठिकाणी फक्त जागा मिळते, काही ठिकाणी स्वयंपाकी असतो, काही ठिकाणी गाइड, स्वयंपाक, सगळं एकत्र. आम्ही सगळं एकत्र असलेलं घेतलं. दिवसभर चढून आल्यावर पाण्यासाठी बर्फ वितळवणं, लाकडं फोडणं, चूल पेटवणं हेही ज्यांना आवडतं त्यांनी जरूर ते करावं, आमच्यातल्या बऱ्याच जणांची ही पहिलीच वेळ होती आणि मला त्यांची ताकद उतारांसाठी राखायची होती.

गाइडच्या बाबतीत मात्र मी अजिबात तडजोड केली नाही. कॅनडात एसीएमजी म्हणजे असोसिएशन ऑफ कॅनेडियन माउंटन गाइड्स ही संस्था १९६३ पासून आहे, आणि १९६५ मध्ये स्थापन झालेली आयएफएमजीए ही गाइडांची आंतरराष्ट्रीय संघटना. स्की गाइडचं सर्टिफिकेट मिळवायला काही वर्षं जातात, आधी असिस्टंट म्हणून काम, परीक्षा, मग पूर्ण गाइड. मी प्रत्येक लॉजला सरळ विचारलं की आमच्या आठवड्यात कोण असेल, त्यांचं सर्टिफिकेशन काय, आणि किती पाहुण्यांमागे एक गाइड. चांगल्या लॉजवाल्यांना ह्या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते मोकळेपणानं बोलायला लागतात.

अजून एक प्रश्न मी सगळ्यांना विचारला आणि माझ्या मते लॉज निवडताना तोच सगळ्यात कामाचा: वादळात आम्ही कुठे स्की करणार? वेबसाइटवर सगळे ग्लेशियर आणि शिखरांचे फोटो टाकतात. पण सेल्कर्कमध्ये बर्फ भरपूर पडतो म्हणजेच आकाश भरपूर वेळ बंद असतं, आणि झाडं संपतात त्याच्या वर ढगात सगळं पांढरं झालं की उतार कुठे संपतो, कडा कुठे सुरू होतो काही कळत नाही. अशा दिवशी झाडं लागतात. झाडांमुळे समोरचं दिसतं, वाराही कमी लागतो. मी विचारायचे की लॉजच्या खाली आणि आजूबाजूला कमी उताराची, झाडांतली किती जागा आहे, आणि तिथे पोचायला मोठ्या हिमस्खलनाच्या वाटा ओलांडाव्या लागतात का. एका लॉजनं अगदी स्वच्छ सांगितलं की आमच्याकडे झाडं थोडी आहेत, मार्चच्या शेवटी उघडीप असते तेव्हा या. मला हे उत्तर फार आवडलं, पण आम्हाला पावडर हवी होती, म्हणून आम्ही दुसरा घेतला ज्याच्या खाली लांबच लांब जंगल होतं.

तारखांचं गणित असं. डिसेंबरमध्ये बर्फ पातळ, ओंडके दगड वर, ग्लेशियरवरच्या भेगा नीट झाकलेल्या नसतात. जानेवारीत थंडी कडक, दिवस छोटा, पण झाडांत बर्फ उत्तम. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ खोल, दिवस मोठा, आणि अजून उन्हानं बिघडलेला नाही. एप्रिलमध्ये उंचावर मोठ्या टूर होतात पण दुपारी खाली सगळं ओलं. आम्ही मार्चचा सुरुवातीचा आठवडा घेतला. चांगले आठवडे वर्षभर आधी जातात, त्यामुळे डिपॉझिट लवकर भरावं लागतं, आणि इथे कॅन्सलेशनच्या अटी एकेक ओळ वाचा. कुणी गळालं तर त्याचा पैसा कोण भरणार हे आम्ही डिपॉझिट द्यायच्या आधी लेखी ठरवलं: जागा भरून द्यायची जबाबदारी गळणाऱ्याची, मिळालं नाही कुणी तर पैसे त्याचे. ऐकायला कोरडं वाटतं, पण नंतर एकाचा गुडघा दुखावला तेव्हा ह्या एका मेसेजमुळे कुणाचं मन दुखावलं नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. नेहमीच्या प्रवास विम्यात ठरलेल्या रनच्या बाहेरचं स्कीइंग बऱ्याचदा धरलेलंच नसतं. गाइडबरोबरचं स्की टूरिंग, हेलिकॉप्टरनं सुटका, आणि ट्रिप रद्द होणं, ह्या तिन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट आहेत का बघा, फोनवरचं हो मोजू नका. वेव्हरही, म्हणजे अपघाताची जबाबदारी लॉजवर नाही असं लिहून द्यायचा कागद, घरीच शांतपणे वाचा, हेलिपॅडवर नाही.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २० जानेवारी २००३ ला सेल्कर्कमध्येच, ड्युरँड ग्लेशियरजवळ, एका लॉजच्या गाइडसोबत गेलेल्या ग्रुपवर हिमस्खलन आलं आणि सात जण गेले, त्यात स्नोबोर्डिंगमधलं फार मोठं नाव असलेले क्रेग केली होते, जे तेव्हा स्वतः गाइडचं प्रशिक्षण घेत होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १ फेब्रुवारीला रॉजर्स पास ह्या खिंडीजवळ कनॉट क्रीकच्या दरीत शाळेच्या ट्रिपमधली सात मुलं हिमस्खलनात गेली. त्या हिवाळ्यानं तिथली सगळी व्यवस्था हलली आणि २००४ मध्ये लोकांना हिमस्खलनाचे अंदाज देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, जी आता ॲव्हलांच कॅनडा म्हणून ओळखली जाते. मी हे ग्रुपमध्ये सगळ्यांना वाचायला दिलं, घाबरवायला नाही. अनुभवी गाइड असतानाही हे होऊ शकतं हे माहीत असलेल्या माणसानंच पैसे भरावेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि एकदा हे मान्य केलं की मग बीकनची (प्रत्येकानं अंगावर बांधायचं, गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडून अंतर दाखवणारं यंत्र) प्रॅक्टिस कंटाळवाणी वाटत नाही.

त्यामुळे अट एकच ठेवली, प्रत्येकानं एएसटी १ म्हणजे हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स करायचा. त्यात कळतं की धोकादायक स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे नेमकं ज्या उतारांवर स्की करायला सगळ्यात मजा येते तिथेच. धोक्याच्या पाच पायऱ्या कळतात, आणि तिसरी पायरी ऐकायला मधली वाटते पण तिथे माणसाच्या वजनानं स्लॅब, म्हणजे बर्फाचा अख्खा थर, सुटू शकते हेही. सर्फेस होअर हा प्रकार मला तिथे नीट समजला: थंड निरभ्र रात्रींमध्ये बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवतात, दिसायला इतके सुंदर, आणि त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तीच खालची कच्ची पातळी होऊन आठवडेच्या आठवडे टिकून राहते. म्हणून निघायच्या कितीतरी आधीपासून, जानेवारीतली उघडीप कधी होती, तिच्यावर पहिला बर्फ कधी पडला, हे आम्ही रोजच्या अंदाजात बघत होतो. गाइड बोलतो ते मग अर्धवट नाही कळत.

बीकनची प्रॅक्टिस मात्र कोर्सवर भागत नाही. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात त्यामुळे कंपनी कुठलीही चालते, पण तीन अँटेनावालं आणि फार जुनं नसलेलं हवं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, त्यानंतर ती फार वेगानं घसरते, आणि हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही, शेजारचा माणूसच काढणार. म्हणून आम्ही दर वीकेंडला कुणीतरी बीकन बर्फात पुरायचं आणि बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचं. शेवटच्या तीन मीटरात धावायचं नाही, बीकन बर्फाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून हळू फिरवायचं, सगळ्यात छोटा आकडा मिळाला की तिथून पंचवीस पंचवीस सेंटीमीटरवर गोल फिरत प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) घालायचं. आणि खोदणं! शोधण्यापेक्षा खोदायलाच जास्त वेळ लागतो. फावडं मेटलचंच घ्या, खोदणारे एकामागे एक उभे करा, पुढचा बर्फ कापणार, मागचे तो मागे ढकलणार आणि पुढचा दमला की बदलायचं. फोन बीकनपासून दूर ठेवायचा, शोधताना तर निदान अर्धा मीटर, आणि बॅटरीवर गरम होणारे हातमोजे त्यात गडबड करतात हेही बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

सामानात हेलिकॉप्टरमुळे वजनाची मर्यादा असते, लॉज आधी सांगतो आणि खरंच मोजतो. कपड्यांचं मी काही बोलत नाही, यादी सगळे लॉज देतात. बूट मात्र! अशा आठवड्यात लोकांचे दिवस वाया जातात ते बहुतेक फोडांमुळे, त्यामुळे टूरिंगचे बूट आपलेच हवेत, पायाला बसवून घेतलेले, आणि ट्रिपच्या आधी त्यांच्यात भरपूर चढाई झालेली हवी. स्की भाड्यानं चालतील, शंभर मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या, पिन बाइंडिंगच्या (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरणारा भाग). स्किन्स त्या स्कीला कापून बसवलेल्या हव्यात आणि त्यांचा गोंद आधी तपासा, थंडीत बर्फ लागून गोंद मेला की स्किन सुटते, म्हणून उतरताना त्या बॅगेत न टाकता जॅकेटच्या आत ठेवायच्या. ग्रुपमिळून एकच दुरुस्तीचा डबा केला: बाइंडिंगला बसणारा स्क्रूड्रायव्हर, तार, जाड चिकटपट्टी, स्की स्ट्रॅप दोन-चार, जास्तीची पोलची बास्केट. एअरबॅग (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी बॅग) ज्यांनी घेतली त्यांना मी बॅटरीवाली घ्या म्हटलं, गॅसच्या सिलेंडरला विमान कंपनीची परवानगी काढावी लागते आणि अमेरिकेच्या विमानतळावरून भरलेला सिलेंडर नेऊच देत नाहीत.

प्रवासात एक मोकळा दिवस ठेवलाच पाहिजे असा माझा आग्रह होता आणि त्यावर थोडी कुरबूर झाली. गोल्डन आणि रेव्हलस्टोक ह्या गावांच्या मधे ट्रान्स कॅनडा हायवे रॉजर्स पासवरून जातो, त्याची उंची १३३० मीटर. रस्ता १९६२ मध्ये उघडला पण वरचे उतार इतके लागून आहेत की मोठ्या बर्फात तो बंद करून सैन्याच्या १०५ मिलिमीटरच्या तोफांनी मुद्दाम हिमस्खलन पाडण्याची तिथे पद्धत आहे. ह्याच पासमध्ये १९१० साली रेल्वेचा मार्ग साफ करणारे ५८ कामगार एका रात्रीत गाडले गेले होते, आणि नंतर रेल्वेनं डोंगराखालून कनॉट बोगदा काढला. आम्ही पोचलो त्या दिवशी रस्ता काही तास बंदच होता. मोकळा दिवस होता म्हणून कुणी वेगानं गाडी हाणली नाही.

हेलिकॉप्टरच्या वेळी सगळं सामान एका ठिकाणी रचून, स्की बांधून, टोप्या आत घालून, पायलटला दिसेल असं समोर गुडघ्यावर बसायचं, सांगेपर्यंत हलायचं नाही, शेपटीकडे कधीच जायचं नाही. एअरबॅगचा ट्रिगर काढून ठेवायचा. उड्डाण छोटंच होतं.

लॉजवर उतरल्यावर पहिलं काम सराव: गाइडनं दोन बीकन पुरले आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. आमच्या ग्रुपनं ते पटकन काढले, प्रोब, फावडी, सगळं न सांगता झालं, आणि तो म्हणाला की मग उद्या आपण जरा लांब जाऊ शकतो. ह्या एका वाक्यासाठी सगळे वीकेंड वसूल झाले! त्या भागातले लॉज, हेली स्कीइंगवाले, रस्त्यांचे लोक रोज संध्याकाळी आपापली निरीक्षणं इन्फोएक्स नावाच्या यंत्रणेवर एकमेकांना देतात, हे १९९१ पासून चालू आहे. आमचे गाइड सकाळी उजाडायच्या आत ती वाचून बसायचे आणि प्रत्येक उतारावर उघडा की बंद असा शिक्का मारायचे. दिवसभरात बर्फ चांगला दिसला म्हणून बंद उतार उघडायचा नाही, सकाळचं ठरलेलं तेच. मला ही शिस्त फार भावली.

आठवड्याच्या मध्यावर ऊन पडलं आणि आम्ही एका खिंडीकडे निघालो, पलीकडे उत्तरेकडचा लांब उतार, सगळ्यांचा जीव त्याच्यावर. खिंडीच्या थोडं खाली पायाखालून वुंफ असा दबलेला आवाज आला, म्हणजे खालची कच्ची पातळी बसल्याची खूण. गाइडनं खड्डा खणला, बर्फाचा खांब मोकळा केला आणि त्याच्यावर फावडं ठेवून हातानं थापट्या मारल्या, आधी मनगटातून दहा, मग कोपरातून, आणि कोपराच्या थापट्या निम्म्याही झाल्या नव्हत्या तेव्हा वरचा ठोकळा सटकन सरकून आला, जानेवारीतल्या त्या होअरच्या पातळीवरूनच, बोटांवर घेतले तर स्फटिक अजून दिसत होते. तो म्हणाला फिरा. कुणीच तोंड वाकडं केलं नाही, एकजण तर स्किन्स काढता काढता म्हणाला की मी फोनवर तुला हेच उत्तर दिलं होतं. खाली जंगलात आम्ही संध्याकाळपर्यंत कमी उतारावर गुडघाभर पावडरमध्ये उतरत राहिलो, जोडीजोडीनं, एकमेकांना हाका मारत, कारण झाडाच्या बुंध्याशी पोकळ बर्फाचा खड्डा असतो आणि त्यात डोकं खाली करून पडलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नाही. माझ्यासाठी तो आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस.

जुन्या पाहुण्यांना लॉज पुढच्या वर्षीच्या तारखा आधी देतो. निघायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा मार्चचाच सुरुवातीचा आठवडा मागून ठेवलाय. एका जागेसाठी माणूस हवाय, दोघांनी विचारलंय आणि दोघांनाही मी ह्या महिन्यात वेगवेगळा फोन करणार आहे.